तिकिटाच्या पुढचा प्रवास



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, भाऊबीज आटोपल्यावर आम्ही घरची पाच माणसे मुंबईला जाऊन आलो. तेव्हापासून शाळेत मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. विमानाचे तिकीट कितीला पडले, आणि समुद्र पाहिला का? विमानतळावरून शहरात कसे गेलात, हे मात्र कोणी विचारत नाही. खरे सांगायचे तर आमच्या घरी आठ दिवस चर्चा चालली ती याच गोष्टीवर. विमानाचे तिकीट मुलाने दहा मिनिटांत काढले. पांढुर्ण्याच्या आपल्या घरापासून विमानाच्या दारापर्यंत आणि मुंबईच्या विमानतळापासून गिरगावातल्या लॉजपर्यंतचा रस्ता ठरवायलाच खरे डोके लागले.

आम्ही पाच जण म्हणजे माझ्या सासूबाई (वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात), माझे यजमान, मी, बारावी झालेला मुलगा आणि सातवीत शिकणारी पुतणी. पुतणीच्या वहीतले एक पान घेऊन आम्ही त्यावर पाच रकाने आखले. पैसा, वेळ, चालणे, पायऱ्या आणि सामान. प्रत्येक टप्प्यासाठी जी जी साधने मिळू शकतात ती लिहून समोरचे रकाने भरायचे, असे ठरले. हे काम पुतणीकडे दिले. गणिताला नाक मुरडणारी ही मुलगी या कामात दोन संध्याकाळ रमली.

पहिला टप्पा पांढुर्णा ते नागपूर विमानतळ. आपले पांढुर्णा नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर आहे. नागपूर स्टेशनला उतरले की जवळच मेट्रोचे स्टेशन आहे. तिथून अॅक्वा लाइनने कॉटन मार्केट सोडून सीताबर्डीला उतरायचे, तिथे गाडी बदलून ऑरेंज लाइनने खापरीच्या दिशेला निघायचे आणि एअरपोर्ट स्टेशनवर उतरायचे. हे स्टेशन वर्धा रोडवर आहे आणि टर्मिनल तिथून आत सोनेगावला, म्हणून शेवटचा तुकडा ऑटोने करावा लागतो. वाटेत उज्ज्वलनगर, जयप्रकाशनगर, छत्रपतीनगर ही तीन स्टेशने ज्या पुलावर आहेत, त्यावर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी रचना आहे. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. विद्यार्थ्यांनी तो एकदा खिडकीतून पाहावाच. सौंसरच्या मंडळींचा हिशेब वेगळा असतो, कारण छिंदवाड्याकडून येणारी त्यांची गाडी इतवारीला जाते. छोट्या लाइनची जुनी गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि आता तो मार्ग मोठ्या लाइनचा झाला आहे.

दुसरा पर्याय घरापासून थेट भाड्याच्या गाडीचा. पुतणीच्या कागदावर पैशाच्या रकान्यात रेल्वे आणि मेट्रो फार पुढे होती. भाड्याची गाडी कित्येक पट महाग. तरीही जाताना आम्ही भाड्याची गाडीच केली. कारण साधे आहे. रेल्वे कधी अर्धा तास उशिरा येते, कधी दोन तास. रेल्वे चुकली तर दुसरी मिळते, पण विमान थांबत नाही, आणि पाच जणांची तिकिटे वाया जाण्यापुढे गाडीचे भाडे काहीच नव्हे. परत येताना मात्र आम्ही विमानतळावरून ऑटो, मेट्रो आणि मग रेल्वे असेच आलो. रेल्वेला चाळीस मिनिटे उशीर झाला. स्टेशनवर बसून आम्ही डब्यातले चिवडा-लाडू संपवले. कुणाचे काही बिघडले नाही.

यातून आमच्या घरी एक नियम तयार झाला. तो सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. विमान पकडायला जाताना खात्री विकत घ्यावी, आणि विमानातून उतरल्यावर वेळ खर्च करून पैसा वाचवावा. आपल्याकडे बहुधा उलट होते. जाताना काटकसर म्हणून लोक धावपळ करतात, आणि उतरल्यावर दमलो म्हणून दारात उभी असेल त्या गाडीत, सांगेल त्या भावाने बसतात.

दुसरा टप्पा मुंबईचा. तिथे उतरण्याआधी तिकिटावर टर्मिनल पाहून ठेवावे. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहारला आहे. दोन्हींचे रस्ते वेगळे. आता तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आम्ही गेलो तेव्हा नवी मुंबईचे विमानतळ सुरू व्हायचे होते. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणे सुरू झाली आहेत. ते पनवेलजवळ आहे. तिकिटावर नुसते ‘मुंबई’ वाचून समाधान मानू नका. बीओएम लिहिले असेल तर जुने विमानतळ, एनएमआय लिहिले असेल तर नवी मुंबई. दादरला किंवा गिरगावला जाणाऱ्याला या दोन अक्षरसमूहांतला फरक कित्येक किलोमीटरचा पडतो.

आमचे विमान संध्याकाळी टर्मिनल २ ला उतरणार होते. गिरगावला जायला तीन मार्ग होते. विमानतळावरची प्रीपेड टॅक्सी, अॅपवरची गाडी आणि मेट्रो. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चारच माणसे बसतात, म्हणजे आम्हाला दोन टॅक्सी लागल्या असत्या. अॅपवर मोठ्या गाडीचे भाडे त्या वेळेला हजाराच्या वर दिसत होते, आणि गर्दी वाढली की ते आणखी चढते. इकडे आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ नुकतीच पूर्ण झाली होती. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशने आणि आरे सोडून सगळी जमिनीखाली. पहिला भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, दुसरा मे २०२५ मध्ये आणि शेवटचा ९ ऑक्टोबर २०२५ ला लोकांसाठी उघडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले तरी तिकीट सत्तर रुपये. म्हणजे पाच जणांचे जास्तीत जास्त साडेतीनशे. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना स्टेशन आहे आणि गिरगावलाही आहे.

घरी ठरत आले होते की यजमान आणि आई टॅक्सीने जातील आणि आम्ही तिघे मेट्रोने. तेवढ्यात पुतणीने विचारले, “आजीला विचारलं का?” कागद आईंसमोर ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाल्या, “मले गाठोडं समजू नका. पायऱ्या किती हायेत आन् बसाले भेटन का, एवढं सांगा.”

मला वाटते, प्रवासाचे साधन निवडण्यासंबंधी याहून नेमका प्रश्न दुसरा नाही. भाडे किती हे आपण विचारतो, पण ज्याचे पाय दुखतात त्याच्यासाठी खरी किंमत पायऱ्यांची असते. मेट्रोत लिफ्ट असते. मात्र ती प्रत्येक दारापाशी नसते, म्हणून कोणत्या दाराला आहे ते तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून घ्यावे. टॅक्सीत पायऱ्या नाहीत, पण गर्दीत अडकून दोन तास गुडघे दुमडून बसावे लागते, आणि आईंना तेच जास्त दुखते. हे त्यांनीच सांगितले. आमच्यापैकी कोणाच्या रकान्यात ते नव्हते.

शेवटी मोठ्या बॅगा घेऊन यजमान टॅक्सीने गेले आणि आई आमच्याबरोबर मेट्रोने आल्या. टर्मिनलपासून स्टेशनपर्यंत चालावे लागले. तिथे आम्ही घाई केली नाही, दोनदा थांबलो. गाडीत एका कॉलेजच्या मुलाने उठून आईंना जागा दिली. पाऊण तासात गिरगाव आले. यजमान टॅक्सीने पोहोचले तेव्हा आमचा चहा होऊन गेला होता.

गाडीत बसल्या बसल्या आई दारावरच्या नकाशातली नावे मोठ्याने वाचत होत्या. ग्रँट रोड, गिरगाव, आणि पुढे काळबादेवी. या नावाला त्या थांबल्या. त्यांच्या वडिलांचे सौंसरला कापडाचे लहान दुकान होते. गाठी मुंबईहून यायच्या आणि बिलावर पत्ता असायचा काळबादेवीचा. साठ-पासष्ट वर्षे बिलावरचा शब्द म्हणून लक्षात राहिलेली ती जागा त्यांनी दुसऱ्या दिवशी एक स्टेशन पुढे जाऊन पाहिली. त्यांना टॅक्सीत बसवले असते तर हे नाव त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेही नसते.

राहिलेल्या तीन दिवसांत लोकल आणि बसचा अनुभव घेतला. थोडे उपयोगाचे सांगते. सकाळी मुंबईची गर्दी उपनगरातून दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळी परत जाते. आम्ही गिरगावात राहिल्यामुळे सकाळी चर्नी रोडहून दादरकडे जाताना उलट दिशेच्या गाडीत सहज बसायला मिळाले. म्हणून राहण्याची जागा ठरवतानाच प्रवासाचा विचार करावा. आपल्याकडे कुठेही ऑटो मिळतो, पण मुंबईत ऑटो उपनगरातच चालतात. वांद्रे आणि शीवच्या पुढे शहरात त्यांना परवानगी नाही. तिथे टॅक्सी, बस किंवा लोकल. बेस्टच्या बसचे किमान भाडे मे २०२५ पासून साध्या बसला दहा आणि वातानुकूलित बसला बारा रुपये झाले आहे. जुन्या लाल डबलडेकर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, पण विजेवर चालणाऱ्या नव्या डबलडेकर आहेत. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की मुलांना वेगळे प्रेक्षणीय स्थळ लागत नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राजवळही मेट्रोचे स्टेशन झाले आहे, हे आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी लक्षात घ्यावे!

गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून आम्ही एक गोष्ट आधीच पक्की केली होती. गाडीचे दार बंद होऊन कोणी मागे राहिले तर त्याने प्लॅटफॉर्म सोडायचा नाही. पुढे गेलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचे. दोघांनी एकमेकांना शोधायला निघायचे नाही. प्रत्येकाच्या खिशात लॉजचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहिलेला होता, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी अशा वेळी संपते.

परतीचे विमान सकाळी लवकर होते. मेट्रो सुरू होते सहाच्या सुमारास, म्हणजे ती आमच्या कामाची नव्हती. पहाटे रस्तेही मोकळे असतात. आम्ही आदल्या रात्री मोठी गाडी सांगून ठेवली आणि चाळीस मिनिटांत पोहोचलो. त्याच रस्त्याचे उत्तर संध्याकाळी मेट्रो होते आणि पहाटे गाडी झाले. म्हणून ‘मेट्रो चांगली की टॅक्सी’ असा प्रश्न कुणी विचारला तर मी आधी विचारते, किती वाजता, किती जण, किती सामान आणि सोबत कोण आहे?

आता हे सगळे शाळेच्या पत्रिकेत का लिहिते आहे, ते सांगते. आपला जिल्हा २०२३ मध्ये नवा झाला. १९५६ पर्यंत नागपूर आपल्या प्रांताची राजधानी होती. तिथून आपण दुसऱ्या राज्यात गेलो तरी शिक्षण, दवाखाना आणि नोकरीसाठी आपली वाट नागपूरवरूनच जाते. दोन वर्षांपूर्वी आपल्या एका मुलीला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. गुण होते, फीची सोय होती, वसतिगृहही मिळत होते. वडील संत्र्याचे बागायतदार, मनाने चांगले, पण नको म्हणाले. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, स्टेशनवर उतरल्यावर ही एकटी जाणार कशी?” एवढ्या एका प्रश्नावर त्या मुलीचे शिक्षण अडले होते.

आम्ही त्या मुलीला कागद करायला लावला. कोणती गाडी, कुठे उतरायचे, मेट्रो कुठे बदलायची, किती मिनिटे चालायचे, उशीर झाला तर दुसरा मार्ग कोणता आणि कुठल्या टप्प्यावर घरी फोन करायचा. मग वडिलांना म्हटले, एकदा तुम्ही तिच्याबरोबर जा, पण पुढे ती चालेल, तुम्ही मागे राहा. ते गेले. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी मला फोन केला आणि फक्त एवढेच म्हणाले, “तिनं मलेच नेलं आन् आणलं.” ती आज नागपूरला शिकते आहे.

पालकहो, सहलीला जाताना सगळे काही मोठ्यांनी ठरवू नये, असे मला म्हणायचे आहे. मुलांच्या हाती कागद द्या, नकाशा वाचू द्या, तिकीट खिडकीवर त्यांना बोलू द्या. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले. मराठी लिहिताना आजही ‘टिकट’ आणि ‘तिकीट’ यांत माझा हात क्षणभर अडखळतो. पण विचारायला भाषा शुद्ध लागत नाही, तोंड उघडावे लागते. हे आपल्या मुलांना लवकर यावे.

यंदाच्या सुट्टीत जो विद्यार्थी नागपूर, भोपाळ, पुणे, मुंबई, कुठेही घरच्यांबरोबर जाईल, त्याने आपल्या प्रवासाचा असा पाच रकान्यांचा कागद तयार करून शाळा उघडल्यावर वर्गशिक्षकांकडे द्यावा. भाडे आणि वेळा बदलत असतात, म्हणून त्या त्या दिवशी तपासूनच लिहाव्यात. आणि घरात आजी-आजोबा असतील तर पायऱ्यांचा रकाना त्यांना विचारून भरावा.

सर्वांना सुखाच्या प्रवासासाठी शुभेच्छा!

प्राचार्या