दाराची फट

मोटारीच्या दारावर कुणी निबंध लिहीत नाही. लिहायचंच झालं तर लोक तिच्या वेगावर लिहितात, रंगावर लिहितात, नाहीतर ती आपल्याकडे नसल्याच्या दुःखावर. मी मात्र दाराच्याही कडेला असलेल्या एका काळ्या रबरावर लिहिणार आहे. पुस्तकात त्याला वेदरस्ट्रिप म्हणतात. आमच्या म्हापशाच्या गॅरेजांत हे नाव घेतलंत तर कुणी वळूनही पाहणार नाही. तिथे ते ‘बीडिंग’, किंवा नुसतं ‘दाराचं रबर’. दार मिटलं की ते दोन कडांमध्ये चेपून बसतं आणि पाऊस, धूळ, वारा यांना बाहेर थोपवतं. इतकं साधं काम. पण गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या रबराला मान द्यावासा वाटतो.

माझ्या मामाचं म्हापशाला गॅरेज होतं. ‘होतं’ म्हणते, कारण गेल्या दसऱ्याला त्याने ती जागा मालकाला परत दिली. त्या गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक लाल, दोन माणसांची, कापडी छपराची गाडी असायची. सॅन स्टॉर्म. ही गाडी आपल्या गोव्यातच तयार होत असे. १९९८ साली ती बाजारात आली. फायबरग्लासचं अंग आणि रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. आता ती बनत नाही. मामाने आठेक वर्षांपूर्वी ती बंद अवस्थेत घेतली आणि रात्री गॅरेजचं शटर अर्धं ओढून तो तिच्यावर काम करत राहिला. मामी म्हणायची, ‘‘ह्यांची दुसरी बायको लाल साडीतली.’’

तीन वर्षांपूर्वी मामाचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आधी पाना सटकायचा, मग स्क्रू धरणं कठीण झालं, मग चहाचा कप बशीवर वाजू लागला. हाताखालची पोरं एकेक करून दुसरीकडे गेली. दोन्ही मामेभाऊ आखातात. उरलेली देणी फेडायची तर ती लाल गाडी विकणं भाग होतं. मडगावचा एक गिऱ्हाईक मिळाला. इंजिन त्याला पसंत पडलं. पण आत वाकून त्याने पायाखालची चटई उचलली, हुंगली आणि म्हणाला, ‘‘पाणी येतं. पहिला पाऊस पडू दे, मग येतो. कोरडी असली तर व्यवहार.’’ पहिला पाऊस म्हणजे जूनचा पहिला आठवडा. हातात वीसेक दिवस होते, माझी परीक्षा नुकतीच आटोपली होती, आणि मामाला दोन न थरथरणारे हात हवे होते. ते माझे.

रबर मरतं कसं, हे मला मामाने पहिल्याच दिवशी दाखवलं. जुन्या पट्टीचा तुकडा त्याने वाकवायला सांगितला. बाहेरच्या वळणावर बारीक चिरा उघडल्या, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. नैसर्गिक रबराच्या लांब साखळीत ठिकठिकाणी दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांनाच तोडतो. रबर ताणलेलं असेल तर आणखी लवकर, आणि चिरा ताणाला आडव्या जातात. म्हणून गाड्यांच्या दारांना आता ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर लावतात. त्याच्या मूळ साखळीत ते दुहेरी बंध नसतात. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या साह्याने रबर पक्कं करण्याची रीत शोधली हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं; पण पक्कं झालेलं रबरही म्हातारं होतं, हे त्या धड्यात नव्हतं. वर्षानुवर्षं चेपून राहिलेली पोकळ नळी एक दिवस फुगायचंच विसरते. दार मिटलेलं दिसतं, आणि आत बोटभर फट असते.

खरेदी हे या कामातलं निम्मं शहाणपण. दुकानदार विचारतो, ‘‘कुठल्या गाडीचं?’’ आणि या गाडीचं नाव ऐकून हसतो. म्हणून जुन्या पट्टीचा हातभर, त्यातल्या त्यात न चेपलेला तुकडा बरोबर न्यायचा. असा तुकडा बिजागरीच्या वरच्या टोकाला सापडतो, तिथे दाब कमी. दोन गोष्टी जुळवायच्या : नळीची जाडी, आणि कडेला पकडणाऱ्या चिमट्याचं तोंड. पट्टीच्या आत पत्र्याच्या बारीक चिमट्या असतात, त्या कड धरून ठेवतात. पत्र्याच्या गाडीची कड सगळीकडे सारख्या जाडीची. आमच्या फायबरच्या गाडीची कुठे जाड, कुठे बारीक. म्हापशात मिळालं नाही. शेवटी बेळगावहून सहा मीटर मागवलं. मामाने पाकीट उघडून ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मला त्यात फक्त टायरच्या दुकानाचा वास आला.

जुनं काढायला दोन दिवस लागले. आधीच्या कुण्या मालकाने गळती दिसेल तिथे सिलिकॉन थापून ठेवलं होतं. त्यावर नवा गोंद धरत नाही. थिनर लावला तर रंग जातो, लोखंडी पट्टीने खरवडलं तर फायबरला ओरखडे पडतात. मामाने बांबूची एक कांब तासून चपटी करायला सांगितली. त्या कांबीने आणि रॉकेलच्या फडक्याने मी दोन दिवस उंबरा खरवडत होते. मामा स्टुलावर बसून होता, उजवा हात डाव्याखाली दाबून. मधूनच तो उठायचा, माझ्या हातून कांब घ्यायचा, दोन ओढी मारायचा. मग कांब थरथरायची आणि तो काही न बोलता परत द्यायचा. अशा वेळी आपण कुठे बघावं हे कळत नाही. मी उंबऱ्याकडे बघत असे.

बसवताना एकच मंत्र. ‘‘बाय, ओढू नको. ठेव आणि दाब.’’ हे त्याने किती वेळा म्हटलं असेल! ओढून बसवलेली पट्टी दिसायला छान, ताठ दिसते. पण महिन्याभरात ती आपल्या मूळ लांबीला परत येते आणि टोकाला फट सोडते. उलट कोपऱ्यावर थोडी जास्तच द्यायची, बोटांनी आत कोंबायची, नाहीतर वळणावर नळी दुमडून चपटी होते. कापडी छपराच्या गाडीत दाराभोवतीचं रबर पुरा वेढा घालत नाही. ते उंबऱ्यावरून दोन्हीकडे वर चढतं आणि छपराच्या रबराला भेटतं. आम्ही उंबऱ्याच्या मध्यावरून सुरुवात केली आणि दोन्ही बाजूंना वर गेलो. टोकं शेवटपर्यंत कापली नाहीत. आमच्या व्याकरणाच्या तासाला संधी म्हणजे दोन वर्ण भेटून तिसराच होणं. मामाच्या शास्त्रात संधी म्हणजे दोन रबरं अशी भेटणं, की कुठे भेटली ते पाण्याला कळता कामा नये. मला त्याची व्याख्या जास्त कठीण वाटली.

कड बारीक होती तिथे गोंद लावावा लागला. दोन्ही अंगांना लावायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मगच जोडायचं. डब्यावर लिहिलं होतं दहा मिनिटं. मेअखेरची दमट हवा, मामाने वीस मिनिटं थांबवलं. त्या वीस मिनिटांत त्याने मला आपल्या उमेदवारीच्या दिवसांतल्या गोष्टी सांगितल्या. त्या इथे लिहीत नाही. त्यातल्या निम्म्या छापण्याजोग्या नाहीत.

आणि मग दार मिटेना! मी खांद्याने रेटलं तेव्हा कसंबसं लागलं. मला वाटलं सगळं फुकट गेलं. मामा मात्र खूश. नवं रबर असं आडवं येणारच, म्हणाला. पंधरा दिवस दार लावून ठेव, ते आपली जागा ओळखेल. कुलूप अडकतं तो खुंट लगेच मागे सरकवला, तर रबर बसल्यावर दार सैल होऊन खडखडतं. पंधरा दिवसांचा धीर बहुतेक गिऱ्हाइकांना नसतो, आणि मिस्त्री खुंट सरकवून मोकळा होतो. दरम्यान आम्ही दहा रुपयांच्या नोटेची परीक्षा घेतली. नोट दारात धरायची, दार लावायचं, नोट ओढायची. अडकत अडकत आली तर ठीक. सुळकन आली तर तिथे रबर टेकत नाही. उजव्या दारावर एके ठिकाणी सुळकन आली. तिथे चिमट्याखाली रबराची पातळ पट्टी सारून उंची वाढवली.

पाण्याची चाचणी जूनच्या दोन तारखेला. मी आत बॅटरी घेऊन, मामा बाहेर नळी घेऊन. त्याच्या हातातली नळी थरथरत होती. पण पाण्याला त्याचं काय? पाणी खालून सुरू करायचं आणि हळूहळू वर न्यायचं. वरून सोडलं तर ओघळ सगळीकडून उतरतो आणि कुठून शिरला ते कळत नाही. कडा कोरड्या राहिल्या. तरी डाव्या बाजूला चटईपाशी ओल! मी काचेवर थाप मारली. मामा आला, खाली बसला, दाराच्या तळाशी बोट फिरवलं आणि हसू लागला. काचेच्या कडेने थोडं पाणी दाराच्या पोटात जातच असतं, कुठल्याही गाडीत. ते बाहेर पडायला दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. आमची भोकं जुन्या पानांनी आणि चिखलाने बुजली होती. पाणी दारात तुंबत होतं आणि आतल्या बाजूने झिरपत होतं. सायकलच्या तारेने मी ती मोकळी केली. मातकट पाण्याची धार माझ्या पायावर आली. किती लोकांनी या भोकांपायी चांगली रबरं बदलली असतील कोण जाणे.

पाऊस सात तारखेला आला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुपारी, भर सरीत. गाडी उघड्यावर उभी केली होती. तो आत बसला, दोन्ही दारं लावली आणि बसून राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मामा पत्र्याखाली उभा होता, दोन्ही हात पॅंटच्या खिशात. खिसा हलत होता. पावसाच्या आवाजात कुणी काही बोलायचा प्रश्नच नव्हता. मग गिऱ्हाइकाने दार किंचित उघडलं, चटईवर तळवा टेकला आणि तो मामाकडे उंच करून दाखवला. कोरडा होता. पैसे त्याच संध्याकाळी दिले.

गाडी मडगावला गेली. मामा फाटकापर्यंत गेला नाही. गॅरेजमध्ये वळून त्याने ताडपत्रीची घडी घालायला घेतली. ती मोठी, ओली ताडपत्री एकट्याला आवरेना, म्हणून दुसरं टोक मी धरलं.

सहा मीटरांपैकी सव्वा मीटर रबर उरलं होतं. मामीच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराखालून दर पावसाळ्यात पाणी येतं आणि ती तिथे पोतं टाकते. मी ते रबर दाराच्या खालच्या कडेला बारीक चुका मारून बसवलं, न ओढता. पोतं गेलं. आता ते दार इतकं घट्ट लागतं, की मांजराला बाहेरून ढकलता येत नाही. ते रात्री ओरडतं आणि मामाला उठून दार उघडावं लागतं.