मूळ चाल कोणती?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या घरी एक लहानसा कलह झाला. तो घडवून आणण्याचे श्रेय सर्वस्वी माझे असल्यामुळे त्याची हकीकतही मीच सांगणे न्याय्य होईल.

आम्ही चिंचवडकर. एका अंगास पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आणि दुसऱ्या अंगास पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेले कारखाने, अशा दोन जगांच्या मध्ये आमचे घर आहे. घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात. मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकविले. थोरले चिरंजीव चाकणला एका कारखान्यात मोटारींचे सुटे भाग तपासण्याच्या कामावर आहेत. त्यांची कन्या चौदा वर्षांची असून तिला गाण्याचे अंग आहे.

गणपतीपुढे पाहुणेमंडळी जमली असता तिने 'स्वयंवरा'तील 'नाथ हा माझा' हे पद आरंभिले. गळा गोड, सूर पक्का; मंडळी माना डोलावू लागली. पण एके जागी तिने अशी मुरकी घेतली की माझ्यातील मास्तर जागा झाला. पद पुरे होण्यापूर्वीच मी म्हणालो, "मुळात हे असे नाही. येथे सूर सरळ आहे. कोणाचे ऐकून बसविलेस?" तिने हल्लीच्या एका गायकाचे नाव सांगितले. "तरीच! ही नकलेची नक्कल झाली," मी म्हणालो. मुलगी गप्प झाली. पद अर्ध्यावरच राहिले. सूनबाईंनी प्रसादाच्या वाट्या पुढे करून वेळ साजरी केली, परंतु त्या दिवसापासून घरातील पेटी कोणी उघडली नाही.

आठ दिवसांनी चिरंजीव रात्री मजपाशी येऊन बसले. त्यांनी मोबाईलवर बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका शोधून आणली होती. "दादा, मूळच ऐकू या," ते म्हणाले. आम्ही दोघांनी ते पद तीन वेळा ऐकले, आणि मी खजील झालो. ज्या जागी मी सरळ सुराचा आग्रह धरला होता, त्या जागी तो सूर सरळ नव्हताच!

मग माझ्या कानात इतकी वर्षे बसलेला तो सरळ सूर आला कोठून? रात्री झोप येईना, तेव्हा उलगडा झाला. तो माझ्या आईचा होता. आमचे वडील पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात कामाला होते. त्यांना रात्रपाळी असली म्हणजे ते दिवसा निजत. आई स्वयंपाकघरात वाती वळता वळता हे पद म्हणे. पण त्यांची झोप मोडू नये म्हणून अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. अशा आवाजात मुरक्या कशा निघाव्यात? त्या गळून गेल्या आणि सूर तेवढा उरला. मी बालपणी ते ऐकले आणि त्यालाच बालगंधर्वांचे प्रमाण मानून बसलो. नकलेची नक्कल म्हणून मी नातीस हिणविले, पण माझे मूळ तरी दुसरे काय होते?

यावर चिरंजीव म्हणाले ते मार्मिक आहे. "आमच्याकडे नमुन्याहून मिलिमीटरच्या शतांशाचा फरक पडला तरी भाग बाद होतो. तुम्ही गाण्यालाही तेच माप लावलेत. आणि नमुना मात्र घरचा घेतलात!"

पुढे विचार करता करता मुळाची ही गोष्ट अधिकच खोल जाऊ लागली. 'स्वयंवर' रंगभूमीवर आले ते १९१६ साली. शब्द खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखले यांच्या. परंतु बुवांनी तरी त्या चाली शून्यातून निर्माण केल्या नव्हत्या. घराण्यांतून चालत आलेल्या ख्यालांच्या चिजा त्यांनी मराठी शब्दांस दिल्या. त्यापूर्वी अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्रा'त साकी, दिंडी आणि कानडी पदांच्या चाली अशाच वापरल्या होत्या. जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडून पाहावे. पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून दुसऱ्याच गाण्याचे नाव दिलेले आढळते. ऋण लपविण्याची तेव्हा रीत नव्हती.

बरे, बालगंधर्वांचे म्हणून जे आपण ऐकतो, ती तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी आहे. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत तेच पद ते कितीतरी लांबवीत, आणि आजचा प्रयोग कालच्यासारखा नसे. तेव्हा तबकडी हीदेखील मुळाची एका दिवसाची छाया होय.

मग नव्या गायकाने काहीही करावे काय? असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मल्लिनाथाने कालिदासावर टीका लिहिताना प्रतिज्ञा केली आहे की, मुळात नाही ते लिहिणार नाही आणि नको ते बोलणार नाही. पण त्याने शब्द मात्र स्वतःचेच योजले. उत्तम टीकाकार मुळाचा अर्थ राखतो, अक्षरे गिरवीत नाही. गायकाचेही तसेच आहे. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस संयुक्त 'मानापमान' झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. गोविंदराव टेंब्यांच्या चाली केशवरावांनी आपल्या तडफदार गळ्याने म्हटल्या, त्यामुळे त्या कोणास परक्या झाल्या नाहीत. पुढे कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे बैठकीत गाइली आणि त्या कार्यक्रमास 'मला उमजलेले बालगंधर्व' असे नाव दिले. त्या एका नावात विनयही आहे आणि हक्कही आहे. उलट २०११ सालच्या 'बालगंधर्व' चित्रपटात आनंद भाटे यांना मुळाच्या जवळच राहणे प्राप्त होते, कारण पडद्यावर दिसणारी व्यक्ती प्रत्यक्ष बालगंधर्वच होती. कुमारांनी ती वाट धरली असती तर नक्कल झाली असती. भाट्यांनी ती सोडली असती तर विसंगती झाली असती. म्हणून दोहोंस एकच माप लावता येत नाही.

माझ्या अल्पमतीस एवढेच वाटते की, पद कोणाच्या तोंडी आहे हे गाणाऱ्याने विसरू नये. 'नाथ हा माझा' म्हणणारी रुक्मिणी आहे. वाद्यांच्या गदारोळात किंवा तानांच्या भेंडोळ्यात ती 'नाथ' कोणास म्हणते आहे हेच जर ऐकू येईनासे झाले, तर ते गाणे मुळास सोडून गेले असे खुशाल म्हणावे. माझ्या नातीच्या मुरकीत रुक्मिणी हरवली नव्हती. आईच्या सरळ सुरातही ती होतीच.

दुसऱ्या दिवशी मी नातीस बोलावून सारे सांगितले. चूक कबूल करणे मास्तरास जड जाते. पण ती चारचौघांत केली असल्याने निदान घरच्यांसमोर तरी कबूल करणे भाग होते. ती म्हणाली, "आजोबा, मग पणजीआजी कसे म्हणत असत ते म्हणून दाखवा." माझा गळा कसला! तरी म्हटले. तिने दोनदा ऐकले आणि मजपेक्षा शतपटीने बरे म्हणून दाखविले.

आता पेटी पुन्हा उघडली आहे. ती ते पद दोन्ही रीतींनी म्हणते. मुरकी घेऊन आपले आणि हलक्या आवाजात पणजीचे. पाहुण्यांपुढे मात्र ती अद्याप बसत नाही. येत्या गणेशोत्सवास बसेल अशी आशा आहे. त्या वेळी मी पुढे न बसता सर्वांच्या मागे, भिंतीशी बसावे, अशी सूनबाईंनी सूचना केली आहे. ती मी मान्य केली आहे.