उसना कोट

१९८४ च्या सुमाराची गोष्ट. शिक्षकी पेशात मी तेव्हा नवखा होतो. शाळेत न येणाऱ्या एका विद्यार्थ्याची चौकशी करावी म्हणून सोलापुरातील गिरणी-कामगारांच्या एका चाळीत गेलो. एवढीशी खोली, पण समोरच्या भिंतीवर केवढी तसबीर! सुटाबुटातील तरुण, एका हाती जाड ग्रंथ, शेजारी टेलिफोन, मागील पडद्यावर रंगविलेला राजवाड्याचा जिना. गालांवर कुंचल्याने गुलाबी छटाही चढविलेली.

"हे बॅरिस्टर कोण?" मी हसत विचारले.

घोंगडीवर बसलेले मुलाचे आजोबा म्हणाले, "मीच की, मास्तर."

पुढे त्यांनीच सारे सांगितले. फोटो १९४८ चा. कोट स्टुडिओतला, ढगळ होता म्हणून पाठीमागून टाचण्या लावलेल्या. महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत बोलपटांतील नटांप्रमाणे मान किंचित वळवून, एका बाजूने प्रकाश घेऊन फोटो काढविण्याची हौस गिरणगावातही पोहोचली होती. फोटोग्राफर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून देवीचे व्रणही झाकीत. आजोबांचे तसेच झाकले होते.

"आणि ग्रंथ?"

"तो मी मागून घेतला. वाचता येत नव्हतं. पण पुढं पोरंबाळं बघतील, म्हटलं."

ते ज्या जुन्या गिरणीत मागावर होते, ती ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. मधल्या महिन्यांत घरातील तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली. तसबीर जागची हलली नाही.

मी ओशाळलो. नाटकांतील राजे चित्रफलक पाहून मोहित होतात, ते मी वर्गात मोठ्या रसिकतेने शिकवीत असे! घरी येऊन आईला ही हकीकत सांगितली, तर ती म्हणाली, "आपल्या मामंजींच्या फोटोतली पगडी तरी त्यांची कुठे होती? तीही स्टुडिओतलीच." त्या पगडीपुढे मी लहानपणापासून हात जोडीत आलो होतो.

परवा तो विद्यार्थी भेटला. आता त्यालाही नातवंडे आहेत. तसबिरीला वाळवी लागली म्हणून नवी प्रत करावयास निघाला होता. मीही सोबत गेलो. दुकानातील मुलगा संगणकावर बोट ठेवून म्हणाला, "काका, हा टेलिफोन उगाच वाटतो. काढून टाकू?"

"नको," तो म्हणाला, "आणि पुस्तकही तसंच राहू दे."