एक मात्रा

माझ्या हातून एक माणूस मेला होता. वाचक, दचकू नका. हत्यार म्हणाल तर एक मात्रा. मुद्रिते तपासणे हा माझा तीस वर्षांचा धंदा. आमच्या शाळेतल्या सरांच्या पंचाहत्तरीला गौरवग्रंथ निघाला आणि पहिल्याच पानावर त्यांच्या नावाचे आद्याक्षर 'के.' हे 'कै.' होऊन छापले गेले! व्यासपीठावर सर ते पाहून मोठ्याने हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मिटले आणि मांडीवर उपडे ठेवले.

ते पान मी तीनदा वाचले होते. म्हणजे डोळे तीनदा त्यावरून फिरले होते; मी स्वतः त्या वेळी कुठे होतो, देव जाणे. बहुधा विजेच्या बिलापाशी. दुसऱ्या दिवशी क्षमा मागायला गेलो, तर सर म्हणाले, "अरे, थोडं आगाऊ छापलंस, इतकंच!"

त्यानंतर मी एकाग्रतेच्या मागे लागलो. पहाटे उठलो, त्राटक केले, खोलीचे दार लावून बसलो. दार लावले की बाहेरचे आवाज थांबतात आणि आतले स्वच्छ ऐकू येऊ लागतात, एवढा शोध लागला.

माझी भाची नेमबाजी शिकते. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आमच्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून तर तिला दुसरा विषय नाही. एकदा मी तिच्याबरोबर रेंजवर गेलो. मला वाटले होते, धडाधड बार उडत असतील. पाहतो तो देवघरासारखी शांतता. १० मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे जवळजवळ आमचा पूर्णविरामच की! सामन्यात असे ६० छर्रे ७५ मिनिटांत मारायचे. भाचीने बंदूक उचलली, गाल टेकला, श्वास अर्धा सोडून थांबवला आणि चाप न ओढताच बंदूक खाली घेतली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. मला राहवेना.

"अगं, मार की!"

"मामा, सात-आठ सेकंदांत जमलं नाही तर मारायचं नसतं. पुढे हात कापतो, आणि डोळाही फसवतो. हललेलं असलं तरी नीट दिसतंय असं वाटत राहतं. खाली घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं."

डोळा फसवतो! तीनदा वाचलेले ते पान माझ्यापुढे उभे राहिले. मी आयुष्यभर बंदूक खाली न घेता चाप ओढत आलो होतो.

मग मी भाचीचीच रीत उचलली. ओळीखाली पट्टी, एक श्वास, एक ओळ. मन निसटले असे कळले, की पेन्सिल खाली. खिडकीतला शेवगा घटकाभर पाहायचा आणि तीच ओळ पहिल्या शब्दापासून पुन्हा. पहिल्या आठवड्यात शेवगाच फार पाहिला गेला. प्रकाशक कुरकुरले. पण चुका सापडू लागल्या; जुन्या पुस्तकांतल्यासुद्धा, ज्यांचा आता काही उपयोग नव्हता. मारून झालेल्या छर्‍याचा विचार करायचा नाही, हा भाचीचा दुसरा नियम. तो मात्र मला साधला नाही. काकूंच्या मांडीवरचे ते उपडे पुस्तक दिसायचे ते दिसतच राहिले.

यंदा श्रावणात सर गेले. स्मरणिकेची मुद्रिते माझ्याकडेच द्यावीत, असा काकूंनी निरोप पाठवला. पहिल्या पानावर पट्टी ठेवली. 'कै. के.' अशी दोन अक्षरे शेजारी शेजारी होती. पेन्सिल खाली ठेवली. त्या सकाळी ती चार वेळा खाली ठेवली. पाचव्यांदा मात्रा मोजल्या. पहिल्या अक्षरावर दोन, दुसऱ्यावर एक. बरोबर होते.