कोकरनागच्या पाण्याकाठी वेळेचा हिशेब

श्रीनगरपासून सुमारे ७० किलोमीटरवर, अनंतनाग जिल्ह्यात कोकरनाग आहे. डोंगराच्या पायथ्यातून एकापाठोपाठ एक झरे फुटतात आणि ते थंडगार पाणी बाग ओलांडून ब्रिंगी नदीकडे धावते. पहिल्या दिवशी त्या पाण्याने वुजू केला, तेव्हा बोटे बधिर झाली. मे महिन्यात रत्नागिरीच्या उकाड्यातून आलेल्या आम्हा तिघांना, म्हणजे आम्ही नवराबायको आणि मुलगा, ती अल्लाहची मोठी नेमतच वाटली.

इथला ट्राउट मासा मूळचा इथला नव्हे. १९०० च्या सुमारास त्याची अंडी ब्रिटनहून आणली गेली. पहिली खेप वाटेतच नासली, पुढची तगली. आज कोकरनागला सरकारी ट्राउट पैदास केंद्र आहे. नदीचे टप्पे पाडलेले असून मत्स्य खात्याचा परवाना घेऊनच गळ टाकता येतो.

कोकणात आम्ही लहानपणापासून गरवायला जातो. गरीला कोळंबी लावायची, दोरी सोडायची आणि वाट पाहायची. इथले तंत्र निराळे. गळाला पिसे आणि दोरा गुंडाळून कीटकासारखी नकली माशी बनवतात. ती इतकी हलकी, की तिच्या वजनाने दूर जात नाही. जाड, वजनदार दोरीच तिला घेऊन जाते. काठी मागे नेऊन दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबायचे, मगच पुढे आणायची. घाई केली की गुंता. माशीही प्रवाहाबरोबर मोकळी वाहायला हवी. दोरीने ओढली गेली, की ट्राउट ओळखतो आणि वळून जातो.

पहिल्या दिवशी चार तासांत एकही मासा नाही. नदीवर लक्ष ठेवणारे एक वयस्कर चाचा हसून म्हणाले, "मछली गिनते हो, वक़्त नहीं गिनते?"

दुसऱ्या दिवसापासून मुलाने वही केली. नमाजच्या वेळांवरून दिवसाचे तीन भाग पाडले: फजरनंतरची सकाळ, दुपार आणि असरनंतरची वेळ. प्रत्येक भागात दोनच गोष्टी लिहायच्या. काठावर किती वेळ होतो आणि गळ प्रत्यक्ष पाण्यात किती वेळ होता. त्या दिवशी काठावर चार तास झाले होते, गळ पाण्यात मात्र एक तास दहा मिनिटे. बाकी वेळ गुंते सोडवणे, माशा बदलणे, फोटो आणि नमकीन चहा यांत गेला होता.

चार दिवसांत काठावरचे १६ तास झाले, पाण्यातले ९. मासे पाच. त्यातले ५ तास आम्ही दुपारी घालवले होते आणि मासा मिळाला एक. सकाळ व असरनंतरचे मिळून ४ तास, मासे चार. मत्स्यशास्त्रातही नुसते मासे मोजत नाहीत, ते किती श्रमात मिळाले हे पाहतात. पाच माशांवरून नदीचा नियम सांगता येणार नाही, पण आपला वेळ कुठे सांडतो हे आम्हाला कळले. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही गळ टाकलाच नाही. झाडाखाली बसून मुलाने दोरीच्या गाठी मारण्याचाच सराव केला.

मासे परवान्याच्या मर्यादेतच ठेवले आणि सगळे खाल्ले. निव्वळ खेळासाठी जीव घेणे आपल्या दीनला पसंत नाही, हे मुलाला सांगावे लागले नाही. जेवणापुरते झाले की तो स्वतःच काठी गुंडाळत असे.

याच ब्रिंगी नदीचे पाणी फेब्रुवारी २०२२ मध्ये पात्रातच पडलेल्या एका विवरात गडप झाले होते. खालचा पट्टा कोरडा पडला आणि ट्राउट तडफडून मेले. लोकांनी ती जागा दाखवली, तेव्हा आम्ही गप्प झालो. भरलेली नदीसुद्धा एखाद्या भोकातून रिकामी होते.

घरी परतल्यावर मुलाने वहीचे पुढचे पान उघडले आणि वर लिहिले, 'दादी'. आठवडाभर त्याने नोंद ठेवली. आमच्या अम्मींना आता कमी ऐकू येते, त्या दिवसभर खिडकीपाशी बसलेल्या असतात. आम्ही दोघे रोज किमान बारा तास घरात होतो. त्यांच्याजवळ बसून बोललो तो वेळ दिवसाला जेमतेम वीस मिनिटे. काठावर आम्ही पुष्कळ होतो, गळ पाण्यात नव्हता.

सूरह अस्रमध्ये अल्लाहने काळाची शपथ घेतली आहे, हे आम्ही लहानपणापासून पाठ म्हणत आलो. मुहासबा, म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेणे, हा शब्दही बयानात अनेकदा ऐकला. तो मिनिटांत मांडायला मात्र कोकरनागला जावे लागले.

आता असरनंतर टीव्ही बंद असतो. अम्मी रोज विचारतात, "त्या थंड पाण्याचं सांगा ना पुन्हा." आम्ही पुन्हा सांगतो. वहीत कालची नोंद पन्नास मिनिटांची आहे, अल्हम्दुलिल्लाह.