निवृत्तीनंतर थायलंड : एक हिशेब

साठीच्या उंबरठ्यावर आलेले सरकारी अधिकारी एकत्र जमले की पूर्वी गप्पांचा विषय बढती, बदली आणि गोपनीय अहवाल हा असे. आता तो 'पुढे राहणार कुठे?' असा झाला आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या मराठी माणसाला हा प्रश्न जरा अधिक टोचतो. उभी हयात शिलाँग, जोधपूर, चेन्नई, दिल्ली अशा गावी काढलेली असते. गावचे घर भावाच्या ताब्यात, पुण्यातली सदनिका भाडेकरूच्या ताब्यात, मुले आणखी कुठे तरी. त्यामुळे 'गावी परत जाणे' हे आमच्यासाठी गृहीत धरण्यासारखे उत्तर राहिलेले नाही. तोही अनेक पर्यायांपैकी एक पर्याय होऊन बसला आहे.

अलीकडे या पर्यायांत थायलंडचे नाव आदराने घेतले जाऊ लागले आहे. आमच्या घरी ते माझ्या पत्नीने काढले. आम्ही अर्जित रजा घेऊन, खात्याची रीतसर परवानगी काढून, त्या देशात तीनदा हिंडून आलो आहोत. तिसऱ्या फेरीनंतर ती म्हणाली, "तीस वर्षं तुमच्या बदलीच्या गावी मी आले. एक बदली आता माझ्या पसंतीची होऊ द्या." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. तेव्हा अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी म्हणून मी निदान हिशेब मांडून पाहावा, असे ठरवले.

हिशेबाआधी त्या देशाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पत्नीची ओढ पोकळ नाही. थायलंडात मराठी माणसाला भाषा कळत नाही, पण शब्द ओळखीचे वाटतात. बँकेला तिथे 'थनाखान' म्हणतात, म्हणजे आपले धनागार. मंत्र्याला 'रत्थमोन्त्री', म्हणजे राष्ट्रमंत्री. आणि सेवानिवृत्तीला शब्द आहे 'कसिअन'. तो संस्कृत 'क्षीण' वरून आलेला. सरकारी नोकराचे 'आयु क्षीण' होते ते साठाव्या वर्षी, तेही सर्वांचे एकाच दिवशी, 30 सप्टेंबरला, कारण त्यांचे आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते. आपल्याकडे महिन्याच्या अखेरीस सुटे सुटे निरोप समारंभ होतात. तिथे कार्यालयेच्या कार्यालये एका संध्याकाळी रिकामी होत असतील. (आस्थापना शाखेवर त्या आठवड्यात काय प्रसंग ओढवत असेल, या विचाराने मला क्षणभर घाम फुटला.)

प्रशासनाची घडणही परकी वाटत नाही. राजा चुलालोंगकोर्न 1872 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. कलकत्ता, दिल्ली, मुंबई त्याने पाहिली. पुढे 1892 पासून त्याचा भाऊ राजपुत्र दामरोंग याने गृहखात्याचा कारभार हाती घेऊन परंपरागत सरदारांच्या जागी केंद्राने नेमलेले अधिकारी आणले. आजही बँकॉक वगळता 76 प्रांतांचे गव्हर्नर गृहखातेच नेमते. त्यांच्या पदनामात 'रात्चकान', म्हणजे राजाचे काम, हा शब्द आहे. प्रांताच्या ठिकाणी ते कार्यालय, समोरचे आवार, झाडाखाली कागद घेऊन बसलेली माणसे पाहिली की आपल्या जिल्हाधिकारी कचेरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आणि तापी! बँकॉकहून दक्षिणेकडे रेल्वेने साधारण साडेसहाशे किलोमीटर गेले की सुरत थानी लागते. राजा वजिरावुध याने 1915 साली या गावाला आपल्या सुरतेवरून नाव दिले, आणि सुरत झाली म्हणून तिथल्या नदीचेही 'तापी' असे नामकरण केले. स्थानक मूळ गावापासून दहा-बारा किलोमीटर अलीकडे, फुनफिन येथे, नदीच्या काठालाच आहे. माझे आजोळ भुसावळचे. पहाटे त्या पुलावरून खाली गढूळ, संथ पाणी पाहताना पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही. बँकॉक ते चिआंग माई हा उत्तरेचा 751 किलोमीटरचा रात्रीचा प्रवास, अयुथ्थयाच्या भग्न विटांमधून सायकलवरून हिंडणे, हे सारे सुखाचे होते. पण आमच्या घरच्या चर्चेत वजन पडले ते त्या पुलाचे.

आता हिशेब. संगणकाच्या पडद्यावर जो स्वस्त थायलंड दिसतो, तो डॉलर, युरो वा पौंडात पेन्शन घेणाऱ्यांचा आहे. आपली पेन्शन रुपयात. जुलै 1997 मध्ये बाथ तरंगता सोडला गेला आणि कोसळला. 1998 च्या जानेवारीत एक बाथ एका रुपयापेक्षाही स्वस्त होता. 2005 च्या सुमारास तो एक रुपया दहा पैशांच्या आसपास होता. आज तो अडीच रुपयांच्या वर आहे. म्हणजे दोन दशकांत, तिथल्या बाजारातले भाव जराही वाढले नाहीत असे धरले, तरी रुपयात कमावणाऱ्याला तोच भात दुपटीहून महाग पडला.

इथे आपली पेन्शनची व्यवस्था काय करते हे पाहण्यासारखे आहे. 1 जानेवारी 2004 पूर्वी रुजू झालेल्या माझ्यासारख्यांना शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि तिच्यावर वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता मिळतो. जगात अशी हमी फार थोड्यांना आहे. चिआंग माईत एका निवृत्त ब्रिटिश शिक्षकाशी ओळख झाली. ब्रिटनची सरकारी पेन्शन थायलंडात राहणाऱ्यांसाठी वाढवली जात नाही; देश सोडताना जी रक्कम होती ती तशीच गोठून राहते. आमच्या महागाई भत्त्याची गोष्ट ऐकून तो गृहस्थ थक्क झाला. पण मी त्याला पुढचे सांगितले नाही. आमचा भत्ता औद्योगिक कामगारांसाठीच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला आहे. त्या निर्देशांकात भारतातल्या बाजारपेठांमधले भाव मोजले जातात. चिआंग माईतले घरभाडे त्यात नाही आणि बाथचा भावही नाही. भारतात राहणाऱ्या पेन्शनराला महागाईपासून संरक्षण आहे; परदेशी राहणाऱ्याला विनिमय दरापासून काहीच नाही. पंचवीस वर्षे जगायचे म्हटले तर ही जोखीम लहान म्हणता येत नाही.

निवृत्तांसाठीची मुदतवाढ मिळण्यास पन्नाशी पूर्ण हवी, ही अट सोपी. पुढची अट पैशांची : दरमहा 65,000 बाथ उत्पन्न, किंवा थाई बँकेत 8 लाख बाथ ठेव, किंवा दोहोंची वार्षिक बेरीज तेवढी. 65,000 बाथ म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. मूळ वेतन दोन लाखांच्या घरात असलेल्या अधिकाऱ्याची पेन्शन, सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबाने व जुलै 2025 च्या 58 टक्के भत्त्यासह, दीड लाखाच्या किंचित वर जाते. 40 टक्के अंशराशीकरण केले असेल तर एक लाख अठरा हजारांवर येते. म्हणजे सहसचिव दर्जाचा अधिकारीही केवळ उत्पन्नावर ही अट पार करत नाही. मग मुकाट्याने वीस लाख रुपयांहून अधिक रक्कम ठेवायची. ती अर्जाआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने अखंड, आणि उरलेल्या वर्षात निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. आमच्या खात्यातल्या अधीक्षकाने किंवा कक्ष अधिकाऱ्याने हे स्वप्न पाहूच नये, असा त्याचा अर्थ.

आरोग्याचा प्रश्न याहून बिकट. 2002 पासूनची त्यांची प्रसिद्ध 30 बाथची योजना थाई नागरिकांसाठी आहे. आपले सीजीएचएसचे कार्ड सीमेपलीकडे प्लास्टिकचा तुकडा ठरते. राहता राहिला खाजगी विमा. त्याचा हप्ता नेमका गरज वाढत जाते त्या वयात वाढत जातो. बँकॉकची रुग्णालये उत्तम आहेत यात शंका नाही, पण उत्तम रुग्णालय आणि आपल्याला परवडणारे रुग्णालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जमीन परकीयाच्या नावावर होत नाही. सदनिका घेता येते, तीही इमारतीच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्राच्या 49 टक्क्यांच्या मर्यादेत. सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याने हे आधीच समजून घ्यावे. मला स्वतःला याचे दुःख नाही. सरकारी निवासस्थानात आयुष्य गेलेल्याला 'रिकामे करून ताबा देणे' अंगवळणी पडलेले असते.

मला खरोखर थबकायला लावले ते एका वेगळ्याच गोष्टीने. निवृत्तीच्या परवान्यावर राहणाऱ्याने दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा असतो. परकीय कुणाकडे राहायला आला की घरमालकाने 24 तासांत वर्दी द्यायची. पुनःप्रवेशाची परवानगी न घेता देशाबाहेर पाऊल ठेवले तर मुदतवाढ रद्द. आणि हे सारे दर वर्षी नव्याने. वीस वर्षे राहिले तरी तो मुक्काम आपोआप कायमचा होत नाही. काम करण्यास मनाई आहेच. यात अन्याय मुळीच नाही. आपल्याकडेही हॉटेलवाल्याला परदेशी पाहुण्याचा 'फॉर्म सी' 24 तासांतच भरावा लागतो, आणि अशा तरतुदींचा बचाव मी स्वतः बैठकांतून केला आहे. पण चिआंग माईच्या कचेरीत त्या ब्रिटिश गृहस्थांबरोबर मी सहज गेलो, तेव्हा सत्तरी-पंचाहत्तरीची माणसे हातात छायाप्रतींचा गठ्ठा घेऊन, प्रत्येक पानावर सही करून, क्रमांकाची वाट पाहत बसलेली दिसली. खिडकीपलीकडची तरुण अधिकारी सौजन्याने वागत होती. तरीही एक पान कमी भरले की त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटे, तो मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने शेकडो वेळा पाहिलेला होता.

पेन्शनर म्हणून नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचे भारत सरकारला सांगायचे, आणि तिमाहीला मी कुठे जिवंत आहे हे थाई सरकारला सांगायचे, असे हे वेळापत्रक होईल. पत्नीला मी हे बोलून दाखवले तेव्हा ती हसली. तिचे म्हणणे असे, की रांगेत उभे राहण्याची सवय तिला आहे. गॅस, शाळाप्रवेश, रेशनकार्ड यांच्या रांगांत प्रत्येक नव्या गावी तीच उभी होती. अडचण असलीच तर माझी आहे. हेही मी हिशेबात धरले.

राहिला हवेचा मुद्दा, आणि तो तिनेही मान्य केला. निवृत्तांचे लाडके चिआंग माई फेब्रुवारी ते एप्रिल शेतातील पाचट आणि जंगलातील वणव्यांच्या धुराने कोंडून जाते; त्या दिवसांत जगातल्या सर्वांत दूषित हवेच्या शहरांत त्याची गणना होते. दिल्लीत फुफ्फुसे पणाला लावल्यावर तिथे जाण्यात शहाणपण नाही. तेव्हा उत्तर वगळून दक्षिण, असे आमच्यात ठरले.

आणि कायमचे नाही, असेही. 2023 च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना 30 दिवस व्हिसामुक्त प्रवेश दिला, 2024 च्या जुलैत तो 60 दिवसांचा केला. असे नियम वर-खाली होत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ते पाहून घ्यायचे. जेवढे दिवस मिळतील तेवढे राहायचे. ठेव नको, नव्वद दिवसांची वर्दी नको, सीजीएचएस सुटत नाही, आणि बाथ फारच वधारला तर त्या वर्षी जायचे नाही. पत्नीला हे पुरते पटलेले नाही. ती याला 'बदली नव्हे, दौरा' म्हणते, आणि शब्दांच्या बाबतीत ती बहुधा बरोबर असते. पहिल्या वर्षासाठी तिने एक अट घातली आहे : भत्ते, विमा, विनिमय दर ही माझी टाचणे घरी ठेवायची, आणि सुरत थानीत नदीकाठी निदान महिनाभर एकाच खोलीत राहायचे. मी ती मान्य केली आहे. निवृत्तीच्या तारखेनंतरच्या पहिल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन झाला की डिसेंबरात निघायचे आहे.