आपोआप

आमच्या धाटावात एरंड कुणी लावत नाही. भात लावतात, भातामागून वाल पेरतात, परसात अळू-मिरची लावतात. एरंड मात्र आपला येतो. कालव्याच्या बांधावर येतो, उकिरड्याच्या कडेला येतो, पडक्या गोठ्याच्या जोत्यावर येतो. पुढे कारखाने आले, त्यांच्या कुंपणाबाहेर मातीचे भराव पडले, तर त्या भरावांवरही पहिला एरंडच दिसला. 'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हण कुणीतरी असाच एखादा भराव बघून केली असणार. गावात कुणालाही विचारा, हा कुणी लावला? उत्तर ठरलेलं, "लावतंय कोन? आपोआप आलाय."

या 'आपोआप'वर माझा विश्वास लहानपणीच उडाला, त्याला कारण आजी आणि मुंगळे.

आजी घरीच एरंडेल काढायची. माघ-फाल्गुनात बोंडं वाळायला लागली की ती कोयता घेऊन बांधावरचे घोस उतरवून आणायची. ते अंगणात उन्हात टाकायचे आणि वर जुनं लुगडं पांघरायचं. लुगडं अशासाठी, की एरंडाचं बोंड वाळलं की फुटतं. नुसतं उकलत नाही, 'टच्' आवाज करून फुटतं आणि आतल्या तिन्ही बिया लांब उडतात. दुपारभर लुगड्याखाली टचटच चालू असायची. लुगड्याच्या कडेनं निसटलेल्या बिया गोळा करायचं काम माझ्याकडे होतं.

एरंडाची बी तुम्ही हातात घेतली असेलच. गुळगुळीत, चकचकीत, तपकिरी-पांढरी नक्षी असलेली, थेट फुगलेल्या गोचिडासारखी. रोमन लोकांनाही ती तशीच दिसली. त्यांच्या लॅटिन भाषेत गोचिडाला 'रिसिनस' म्हणत आणि एरंडाच्या शास्त्रीय नावात तोच शब्द आहे. त्या बीच्या एका टोकाला फिक्या रंगाची मऊशी गाठ असते. भाजताना ती करपून जाते, म्हणून बायकांचं तिच्याकडे लक्ष जात नाही. मुंग्यांचं जातं.

निसटलेल्या बियांशी मी पोचायच्या आधी काळे मुंगळे पोचलेले असायचे. एखादा दांडगा मुंगळा एकटाच बी ओढायचा. बारक्या मुंग्या असल्या तर दहा-बारा मिळून लागायच्या. अर्ध्या पुढं ओढतात, अर्ध्या मागं ओढतात, आणि एवढी ओढाताण होऊनही बी पुढंच सरकते. मी बी हिसकायला गेलो की आजी आतून ओरडायची, "त्यांच्या तोंडचं काढू नको रं. पडलंय ते उचल."

मग मी त्यांच्या मागं जायला लागलो. वाट अंगणातून निघायची, तुळशीला वळसा घालायची आणि गोठ्याच्या जोत्यापाशी एका भोकात शिरायची. पाच-सात पावलांचं अंतर, पण मुंगळ्यांना अर्धी दुपार लागायची. चार-पाच दिवसांनी त्या भोकाबाहेर पाहिलं, तर त्यांचा उकिरडा होता: माती, किड्यांचे पंख, भाताची फोलं आणि त्यात आपल्या एरंडाच्या बिया! धड, न फुटलेल्या, नक्षीसकट. फक्त टोकाची गाठ तेवढी खाल्लेली. मी ओंजळ भरून आजीला दाखवायला नेली. म्हटलं, "बघ, मुंगळ्यांनी आणल्या आणि टाकून दिल्या." आजीनं एकदा बियांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली, "आन हिकडं." आणि त्या सरळ भाजायच्या खापरात गेल्या.

पण सगळ्या काही मी उचलल्या नव्हत्या. मृगाचा पाऊस पडल्यावर जोत्यापाशी एरंडाची रोपं वर आली, आणि गोठ्यावरून जाणारा प्रत्येकजण म्हणाला, आपोआप आली.

त्या गाठीची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकात सापडली. तिला शास्त्रात 'इलायोसोम' म्हणतात; ग्रीक भाषेतून आलेल्या या शब्दाचा अर्थ तेलाचा पिंड. रुटगेर सर्नांडर या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं मुंग्यांकडून बिया पसरवून घेणाऱ्या युरोपातल्या वनस्पतींवर १९०६ साली मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा हा शब्द रूढ झाला. तिकडच्या जंगलात वसंतात जमिनीलगत फुलणारी व्हायोलेटसारखी कितीतरी रानफुलं याच वाटेनं पसरतात. जगभरातल्या अशा वनस्पतींची मोजदाद अकरा हजार जातींच्या पुढे गेली आहे.

व्यवहार असा. झाड बीला जरासा खाऊ चिकटवून देतं. त्या खाऊतली चरबी मेलेल्या किड्यांच्या अंगातल्या चरबीशी मिळतीजुळती असते, म्हणून मुंगीला ती बी शिकारीसारखी वाटते आणि ती तिला घरी नेते. खाऊ वारुळातल्या अळ्यांना मिळतो. बीचं कवच मात्र टणक. ते मुंगीच्या कामाचं नाही, म्हणून बी उकिरड्यावर जाते किंवा बिळातच राहून जाते. एरंडाच्या बीच्या पोटात तर जहाल विष असतं, पण मुंगी आत शिरतच नाही. तिला बाहेरचंच पुरतं.

आणि उकिरडा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. भुसभुशीत माती, सडलेल्या किड्यांचं खत. मूळ झाडाच्या सावलीतून बी बाहेर पडलेली, उंदराच्या नजरेआड गेलेली, वणवा आला तर मातीखाली झाकलेली. मुंगी बीला फार लांब नेत नाही, बहुतेक वेळा मीटर-दोन मीटर. पण पेरणीला लांबी लागत नाही, जागा लागते. एरंडाचं तर दुहेरी काम: आधी बोंड फुटून बी उडते, मग उरलेली वाट मुंगी चालते.

हे एरंडापुरतं नाही. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या झाडीखाली हळदीच्या कुळातला ग्लोब्बा फुलतो, पिवळ्या नाजूक फुलांचा. त्याच्या बियांना झालरीसारखा पांढरा पापुद्रा असतो. बोर्निओच्या जंगलात ग्लोब्बाच्या बिया मुंग्या उचलून नेतात, हे अभ्यासकांनी ठाण मांडून पाहिलं आहे. रानात 'आपोआप' फुललेल्या फुलामागे असा कुणी ना कुणी हमाल असतोच.

हमाल बदलला तर काय होतं, तेही पाहून झालं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला झुडपांचं एक मोठं रान आहे. तिथल्या कितीतरी झुडपांच्या बिया तिथल्या मुंग्या जमिनीत पुरतात. माणसांच्या मालाबरोबर परदेशातली अर्जेंटिनी मुंगी तिथं आली. तिनं गावच्या मुंग्यांना हुसकावलं. बियांवरचा खाऊ तीही खाते, पण बी पुरत नाही. उघड्यावर सोडून देते. मग उंदरांचं फावतं. १९८४ साली बाँड आणि स्लिंग्सबी या दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं, की अशा जागी नवी रोपं फारच कमी उगवतात. वरवर पाहणाऱ्याला मात्र काही फरक कळला नसता. मुंग्या तर दिसतच होत्या.

हे वाचताना मला आमचं घर आठवलं. आजोबा ओसरीवर बसून पाहुण्यांना सांगायचे, "आमचं काय, सगळं आपोआप चाललंय." आणि आत आजी भाजलेल्या बिया उखळात कुटत असायची. कुटलेला लगदा पाण्यात तासन्‌तास उकळायचा, वर आलेलं तेल पळीनं अलगद काढायचं, मग ते तेल पाणी उडेपर्यंत पुन्हा तापवायचं. चोथा गुरांना बाधतो, म्हणून तो जपून माडाच्या मुळाशी पुरायचा. पायलीभर बियांतून बाटली-दीड बाटली निघायची. ती वर्षभर पुरायची: बाळाच्या पोटाला, आजोबांच्या गुडघ्याला, पावसाळ्याआधी आम्हा पोरांच्या घशात. आजोबांना लागेल तेव्हा बाटली फडताळात असायची. आपोआप.

आमची कुंडलिकाही अशीच. कोकणातल्या नद्या चैत्रात आटतात, आमची वाहते. कालव्याला पाणी येतं आणि उन्हाळी भात पिकतो. लहानपणी वाटायचं, नदीच तशी. पण ते पाणी घाटावरचं, मुळशीच्या धरणातलं. १९२७ पासून ते भिऱ्याच्या वीजघरातून खाली उतरतं. त्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या मागं लोक सत्याग्रहाला उभे राहिले. आमच्या ताटातला उन्हाळी तांदूळ कुणाच्या पाण्याखाली गेलेल्या शेतातून आलाय, हे आमच्या बांधावर कुणी बोललेलं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी धाकट्या भावानं परसात पेव्हर ब्लॉक घालायचं काढलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आईचे गुडघे गेलेत, पावसात चिखल होतो, ती दोनदा घसरली. मी मुंबईत राहून मुंग्यांची बाजू मांडणार, आणि चिखलातून चालणार ती! मी म्हटलं, घाल, पण गोठ्याच्या जोत्यालगत दीड हात पट्टा सोड. तो हसला. "एरंडासाठी? अरे दादा, तो ब्लॉकच्या फटीतनंपण येईल, आपोआप."

"येईल," आई म्हणाली, "पण मुंगळ्यांनी घर कुठं करायचं?" आणि उठून, भिंतीला धरत, पट्टा कुठून कुठवर सोडायचा ते तिनं गवंड्याला काठीनं आखून दिलं. दीड नाही, चांगला अडीच हात. यंदा मृगाला मी फोन केला तेव्हा तिथं किती रोपं आलीत ते तिनं मोजूनच सांगितलं. अकरा. त्यातली सहा ती काढणार आहे. सगळी ठेवली तर जोतं फुटेल, म्हणाली.